ऑनलाइन शिक्षणात कोण टिकलं, कोण सुटलं, आणि का?

(विद्यार्थी-पालक शिबिरात नोव्हेंबर २०२१ मध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलणारे तालुक्याच्या कॉलेजात शिकवतात. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. गावोगावच्या बैठकीत वाचून दाखवावा. — संपादन गट)



गेल्या महिन्यात, २० ऑक्टोबरला, राज्यातली कॉलेजं उघडली. दीड वर्षानंतर वर्ग सुरू झाले. पण ते पूर्ण भरले नाहीत. हजेरीपटावर नाव आहे आणि बाकावर पोरगं नाही, अशी नावं प्रत्येक वर्गात आहेत. तुमच्या पाड्यातही अशी पोरं आहेत, तुम्हाला ती माझ्यापेक्षा चांगली माहीत आहेत. कुणी दिवाळी झाल्याबरोबर उसाच्या फडावर गेलं. कुणी सुरतेकडे कामाला लागलं. काही पोरींची लग्नं झाली.

यावर एक उत्तर सगळीकडे ऐकू येतं : "शिकायची इच्छाच नव्हती. फोन हातात दिला तर गाणी बघत बसले." शिकवणारे असं म्हणतात, कधी कधी आईबापही म्हणतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पोरगं स्वतःच म्हणतं की माझं डोकंच चालत नाही. हे उत्तर सोपं आहे, कारण त्यात कुणालाच काही करावं लागत नाही. दोष पोराचा, विषय संपला.

म्हणून आज आपण एकच गोष्ट नीट बघू. एकाच गावातली, एकाच वर्गातली पोरं. त्यातलं एक टिकलं, एक सुटलं. फरक कशानं पडला? हे कळलं तर सुटलेल्यांना परत आणता येईल. आणि ऑनलाइन शिक्षण आता कोरोनाबरोबर जाणार नाही, ते राहणार आहे. त्याला अटी कोणत्या घालायच्या, हेही त्यातूनच ठरेल.

झालं काय, ते क्रमानं

२०२० साली होळी ९ मार्चला होती. सातपुड्यात होळी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. वसतिगृहातली पोरं घरी आलेली होती. त्यानंतर आठवडाभरात शाळा-कॉलेजं बंद झाली आणि २४ मार्चच्या रात्री सगळा देश बंद झाला. कितीतरी पोरांची वह्या-पुस्तकं वसतिगृहाच्या खोलीतच अडकली, पेटीला कुलूप लावून. पुढच्या सगळ्या गोष्टीची सुरुवात इथून आहे. शहरातलं पोरगं घरी बसलं तेव्हा त्याची पुस्तकं त्याच्यासोबत होती.

२९ एप्रिलला यूजीसीनं, म्हणजे दिल्लीच्या विद्यापीठ अनुदान आयोगानं, सूचना काढल्या. परीक्षा घेणं शक्य नसेल तर पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पोरांना निम्मे मार्क आधीच्या सत्रावरून आणि निम्मे अंतर्गत मूल्यमापनावरून द्या, असं त्यात होतं. शेवटच्या वर्षाचं भांडण मात्र लांबलं. महाराष्ट्र सरकार म्हणत होतं परीक्षा नको. ६ जुलैला यूजीसीनं सांगितलं की सप्टेंबरअखेर परीक्षा घ्यायचीच. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २८ ऑगस्टला निकाल आला : शेवटच्या वर्षाच्या परीक्षेशिवाय पदवी नाही, राज्याला फार तर तारीख वाढवून मागता येईल. मग ऑक्टोबरमध्ये पर्याय निवडायच्या प्रश्नांची परीक्षा झाली, बहुतेकांची मोबाइलवर.

या सगळ्या सहा महिन्यांत आपलं पोरगं कुठं होतं? मोहाची फुलं वेचत होतं, आंब्याच्या फोडी सुकवून आमचूर करत होतं, मग पेरणी, मग निंदणी. परीक्षा होणार की नाही, हे त्याला दर पंधरा दिवसांनी कुणाच्या तरी फोनवरून उलटसुलट कळत होतं. "परीक्षा रद्द झाली" हे कळलं, "परत लागली" हे कळलं नाही, असंही झालं. म्हणजे पहिली अडचण शिकण्याचीसुद्धा नव्हती. खबर पोचण्याचीच होती.

रेंज, फोन आणि रिचार्ज

सरकारचंच एक सर्वेक्षण आहे, राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ७५ वी फेरी, २०१७-१८ सालची. म्हणजे कोरोनाच्या आधीची. त्यात देशातल्या गावांमध्ये दर १०० घरांपैकी जेमतेम १५ घरांत इंटरनेटची सोय होती आणि संगणक चार-साडेचार घरांत. शहरात इंटरनेट ४२ घरांत होतं. हा सगळ्या ग्रामीण भारताचा आकडा आहे; त्यात रस्त्याकडेची मोठी गावं आहेत, बागायती गावं आहेत. आपले पाडे त्या आकड्याच्याही खाली आहेत, हे कळायला सर्वेक्षण लागत नाही. अक्राणी-अक्कलकुव्यात, नर्मदेकाठच्या गावांत रेंज टेकडीवर जाऊन शोधावी लागते.

आता रिचार्जचा हिशेब करू. २०२० मध्ये दिवसाला दीड जीबी देणारं २८ दिवसांचं साधं रिचार्ज १९९ रुपयांच्या घरात होतं. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला २३८ रुपये. म्हणजे एका पोराच्या महिन्याच्या रिचार्जला जवळजवळ एका दिवसाची मजुरी. घरात शिकणारे दोघं असले तर दोन दिवसांची. आणि सात हजारांचा फोन घ्यायचा तर तीस दिवसांची. तीही काम मिळालं तर, आणि पैसे वेळेवर जमा झाले तर.

एवढं करून मिळालं काय? व्हिडिओवरच्या एका तासाच्या वर्गाला अर्धा जीबी ते एक जीबी लागतो. दिवसाचे वर्ग चार. म्हणजे दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या वर्गात नेट संपतं. शिकवणारा बोलतोय तसा दिसतो, ओठ हलतात, आवाज येत नाही. मग हजेरी लागते त्या वेळी पोरगं बाहेर पडलेलं असतं. गैरहजर!

आता दुसरा हिशेब ऐका. दहा मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवलं तर ते एक-दोन एमबीत बसतं. धड्याच्या पानांचे फोटो पाठवले तर ते काही एमबीत. म्हणजे एका व्हिडिओ वर्गाच्या नेटमध्ये सगळ्या सत्राचं बोलणं पोराला पाठवता आलं असतं. रेंज नसली तर आठवड्यातून एकदा बाजाराच्या दिवशी खाली उतरून घेता आलं असतं आणि घरी पुन्हा पुन्हा ऐकता आलं असतं. ज्या शिकवणाऱ्यांनी असं केलं, त्यांची पोरं जास्त टिकली. इथं जादा पैसे लागले नाहीत. समोरचा माणूस कुठं बसलाय, याचा विचार लागला.

वर्गापेक्षा वसतिगृह मोठं होतं

शहरातल्या लोकांना वाटलं की कॉलेज बंद झालं म्हणजे वर्ग बंद झाला. तो फोनवर भरवला की झालं. आपल्या पोराचं कॉलेज म्हणजे नुसता वर्ग नव्हता. वसतिगृहात दोन वेळचं जेवण होतं, रात्री दिवा होता, बसायला खाट-टेबल होतं, वाचनालयात पुस्तक होतं. शेजारच्या खाटेवर एक वर्ष पुढचा दादा होता, त्याला विचारता येत होतं. आणि मुख्य म्हणजे तिथं पोराला कुणी "चल, बैलं सोडून आण" म्हणत नव्हतं. तिथं त्याचं काम एकच, अभ्यास.

ऑनलाइनमध्ये यातलं वर्गाचं तेवढं फोनवर आलं, तेही तुटक. बाकीचं सगळं बंद झालं. पाड्यावरच्या घरात एकच खोली, त्यात चूल, माणसं, कोंबड्या, पावसाळ्यात बकऱ्यासुद्धा. वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही. फोन चार्ज करायला तीन किलोमीटर चालायचं. अशा ठिकाणी बसून पोरानं पुण्यातल्या पोराएवढंच शिकावं, ही अपेक्षा धरणाऱ्यानं एक महिना तिथं राहून बघावं.

म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे : आपल्या पोरांच्या शिक्षणाला सगळ्यात मोठा धक्का वसतिगृहं बंद झाल्यानं बसला. रेंज हा त्याच्यानंतरचा प्रश्न. आजही काही ठिकाणी कॉलेज उघडलंय आणि पोरांना राहायला जागा नाही. अशा पोरासाठी कॉलेज अजून बंदच आहे.

वेळ कुणाची?

ऑनलाइन शिक्षणावर जगभर अभ्यास झालेत. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा निघते. जो आपली वेळ आपण ठरवतो, रोज ठरल्या वेळी बसतो, लिहून काढतो, अडलं की विचारतो, तो ऑनलाइनमध्ये टिकतो. वर्गात घंटा असते, शिकवणारा असतो, शेजारी मित्र असतो. ते तुम्हाला ओढून नेतात. फोनवर ओढणारं कुणी नाही, स्वतःच स्वतःला ओढावं लागतं. हे खरं आहे, आणि पोरांनो, हे तुम्हीही मान्य करायला हवं. फोन घेऊन बसलो म्हणजे अभ्यास झाला असं नाही. ज्यांनी सकाळचा एक तास धरून ठेवला आणि वहीत लिहिलं, त्यांना त्याचं फळ मिळालं.

पण आपली वेळ आपण ठरवायची, तर ती आधी आपली असावी लागते. पेरणीच्या दिवसात वीस वर्षांचा मुलगा घरी असताना बाप एकटा औत धरेल का? आणि पोरींचं तर विचारूच नका. पाणी, लाकडं, भाकरी, लहान भावंडं, आणि हे सगळं संपल्यावर दुपारी दोनला वर्गाला बसायचं. वर्ग सकाळी दहाचा होता! घरात फोन एक असला तर त्याचा सातबारा भावाच्या नावावर. आधी भावाचा वर्ग, मग भावाचा गेम, मग नेट उरलं तर बहिणीचं. पोरगी फोन घेऊन टेकडीवर रेंजला गेली तर लोक चार गोष्टी बोलणार, म्हणून तिला पाठवतच नाहीत.

इथं बसलेल्या बापमाणसांना माझं सांगणं आहे, राग मानू नका. जमिनीचा हक्क मागताना आपण म्हणतो की वनहक्काचा दावा नवरा-बायको दोघांच्या नावानं झाला पाहिजे. कायद्यातच तसं आहे. मग फोनवर आणि वेळेवर पोरीचं नाव का नाही? दिवसातले दोन तास पोरीचे, त्या वेळात तिला कुणी हाक मारायची नाही, एवढं ज्या घरांनी केलं त्या घरच्या पोरी आज कॉलेजात आहेत. हे सरकारकडे मागायचं नाही. हे आपल्या घरात करायचं आहे.

विचारायचं कुणाला?

आपलं पोरगं घरी पावरी बोलतं, भिली बोलतं, मावची बोलतं. शाळेत मराठी शिकतं. कॉलेजात विज्ञान किंवा कॉमर्स घेतलं तर पुस्तक इंग्रजीत. म्हणजे तिसरी भाषा. वर्गात हे कसंबसं चालतं, कारण शिकवणारा पोरांचे चेहरे बघतो. समजलं नाही हे चेहऱ्यावर दिसतं, मग तो थांबतो, मराठीत सांगतो, फळ्यावर चित्र काढतो. फोनवर चेहरा दिसत नाही. नेट वाचवायला पोरांनी कॅमेरा बंद ठेवलेला. शिकवणारा काळ्या चौकोनांशी बोलतो आणि शेवटी विचारतो, "काही शंका?" साठ जणांच्या समोर, तिसऱ्या भाषेत, आवाज तुटत असताना शंका कोण विचारणार? सगळे गप्प. शिकवणारा समजतो, सगळ्यांना समजलं.

आपल्या राज्यात दूर राहून शिकवण्याचा अनुभव नव्हता असंही नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून हेच करतंय. पोरगं घरी एकटं वाचणार हे आधीच धरून तिथं पुस्तकं लिहितात आणि सोबत अभ्यासकेंद्र ठेवतात, जिथं जाऊन माणसाला भेटता येतं. कोरोनात कॉलेजांनी यातलं काही केलं नाही. वर्गात जे बोलत होतो तेच फोनसमोर बोललो. त्याला ऑनलाइन शिक्षण म्हणायचं तरी कसं?

आधीच मागं असलेला आणखी मागं

एक परदेशातला अभ्यास सांगतो, कारण तो कोरोनाच्या आधीचा आहे आणि तिथं ना लॉकडाऊन होता ना रेंजची बोंब. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात कम्युनिटी कॉलेजं आहेत. आपल्या तालुक्याच्या कॉलेजासारखी, कमी फीची, कष्टकऱ्यांची पोरं शिकतात ती. कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या चाळीस हजारांवर विद्यार्थ्यांच्या जवळपास पाच लाख विषय-नोंदी तपासल्या. तो अभ्यास २०१३ साली आला. निघालं असं, की समोरासमोरच्या वर्गापेक्षा ऑनलाइनमध्ये सगळ्याच प्रकारच्या पोरांची कामगिरी घसरली. पण सारखी नाही घसरली. ज्यांचे मार्क आधीच कमी होते त्यांची जास्त, वयानं लहान होते त्यांची जास्त, मुलींपेक्षा मुलांची जास्त, आणि काळ्या विद्यार्थ्यांची जास्त. म्हणजे वर्गात जी दरी आधीच होती ती ऑनलाइनमध्ये रुंद झाली.

फोन आणि नेट असलेल्या देशात हे झालं. मग नुसते टॅब वाटून आपला प्रश्न सुटेल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. टॅब पाहिजेच. पण टॅब हा नांगर आहे. जमीन, बी आणि पाऊस वेगळं लागतं. पहिल्या पिढीचं पोरगं, ज्याच्या घरात आधी कुणी कॉलेज बघितलं नाही, त्याला अर्ज कसा भरायचा इथपासून कुणीतरी सोबत लागतं.

आणि पास-नापासवरही जाऊ नका. पर्यायाच्या प्रश्नांच्या परीक्षेत बरीच पोरं पास झाली, मार्कही बरे पडले. चांगलं झालं, वर्ष वाचलं. पण प्रयोगशाळेत हात न लावता बीएस्सी झालेलं पोरगं उद्या नोकरीच्या मुलाखतीला, नर्सिंगला, बीएडला जाईल, तेव्हा ती उणीव बाहेर येईल. तेव्हा कुणी म्हणणार नाही की प्रयोगशाळा बंद होती. म्हणतील, आदिवासी कोट्यातनं आलाय ना! हा डाग आपल्या पोरांवर लागू द्यायचा नसेल तर राहिलेलं शिक्षण भरून मागितलं पाहिजे. राहिलेली प्रात्यक्षिकं, जादा वर्ग, उन्हाळी वर्ग, हे मागायचा हक्क तुम्हाला आहे.

मग टिकलं कोण?

आता इतक्या अडचणीतही जी पोरं टिकली, त्यांच्याकडे बघू. ती सगळी हुशार होती असं नाही. सगळ्यांकडे चांगला फोन होता असंही नाही. मी ज्यांना ओळखतो त्यांच्यात एक गोष्ट सारखी दिसते : ती एकटी नव्हती.

कुठं पाड्यातली तीन-चार पोरं एकत्र बसायची. एकाचा फोन, एकाचं रिचार्ज, एकाचं पुस्तक. एक जण टेकडीवर जाऊन नोट्स उतरवून आणायचा, रात्री सगळे मिळून वहीत लिहायचे. कुठं घरी परतलेला एमएचा मुलगा धाकट्यांना तासभर सांगायचा, आणि आपल्या भाषेत सांगायचा. कुठं एखाद्या शिकवणाऱ्यानं आठवड्यातून एकदा साधा फोन केला, "काय रे, कुठंपर्यंत आलं?" एवढंच. त्या फोननं पोरगं धरून ठेवलं. कारण त्याला कळलं, आपण नाही दिसलो तर कुणाला तरी कळतं.

रेंज, फोन, पैसे, वीज, जागा, वेळ, भाषा, आधीची तयारी, ही सगळी कारणं खरी आहेत. एकेका कारणानं पोरगं मागं पडतं. पण ते सुटतं कधी? विचारायला माणूस उरत नाही तेव्हा. एकट्या पोराला आठवडाभर नेट मिळालं नाही तर त्याचं सत्र जातं. गटातल्या पोराचा आठवडा गेला तर दुसऱ्याच्या वहीतनं भरून निघतो.

हे आपल्याला नवं नाही. एकाचं शेत असलं तरी लाहीला सगळा पाडा जातो. शिक्षणात मात्र आपण पोराला एकट्याला सोडलं, कारण आपल्याला वाटलं ते आपल्याला कळणारं काम नाही. अक्षर न येणारी आईसुद्धा विचारू शकते, "आज बसलास का?"

आता काय करायचं

यूजीसीनं यंदा मे महिन्यात एक मसुदा काढलाय. प्रत्येक विषयाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवावा, असं त्यात सुचवलंय. म्हणजे कोरोना गेला तरी पाचातले दोन तास फोनवर. शहरातल्या कॉलेजाला ते सोयीचं असेल. आपल्याला त्यावर बोलावं लागेल. आम्ही मोबाइलच्या विरोधात आहोत का? नाही. पण अट घातल्याशिवाय ऑनलाइन आलं तर पुन्हा तीच पोरं बाहेर पडतील. म्हणून कामं अशी :

पहिलं काम, यादी. प्रत्येक पाड्यात २०१९ आणि २०२० साली अकरावीच्या वर ज्यांचा प्रवेश होता, त्यांची नावं लिहा. कोण कॉलेजात आहे, कोण नाही, का नाही. पोरींची नावं आधी लिहा, कारण तीच विसरली जातात. हे काम कॉलेजच्या पोरापोरींनी करायचं, पुढच्या पौर्णिमेच्या आत.

दुसरं, परत आणणं. सुटलेल्या प्रत्येकाच्या घरी दोघांनी जायचं. एटीकेटी असेल, सत्र राहिलं असेल, फी थकली असेल, तर कॉलेजात जाऊन लेखी विचारायचं आणि उत्तरही लेखी घ्यायचं. शिष्यवृत्तीचा अर्ज, 'स्वयम्' योजनेचा अर्ज, जातीचा दाखला, कुठं अडलंय ते बघायचं. उसाच्या फडावर असलेल्यांना फोन करायचा. सत्र संपायच्या आत आला तर वर्ष वाचेल.

तिसरं, वसतिगृह. मागणी साधी आहे : कॉलेज उघडलं त्या दिवशी वसतिगृह उघडलं पाहिजे. आणि पुन्हा अशी साथ आली तर आजारी नसलेल्या पोरांना, निदान शेवटच्या वर्षाच्या पोरांना, काळजी घेऊन तिथं राहू द्यायचं. पुस्तकं खोलीत अडकवून पोराला घरी पाठवायचं नाही.

चौथं, ऑनलाइनला अटी. जे फोनवर शिकवाल ते रेकॉर्ड करून, कमी नेटमध्ये, आवाजाच्या रूपात द्या. छापील नोट्स द्या. व्हिडिओवर हजेरी लावू नका. गृहपाठाला आठवड्याची सवलत द्या. परीक्षेला तालुक्याच्या ठिकाणी कागदावरचा पर्याय ठेवा. प्रत्येक वीस-पंचवीस पोरांमागे एक शिकवणारा नेमा, ज्यानं महिन्यातून दोनदा फोन करायचाच. हे निवेदन प्राचार्यांना आणि विद्यापीठाला, पोरांच्या सह्यांनी द्यायचं.

पाचवं काम ग्रामसभेचं. समाजमंदिरात किंवा शाळेच्या एका खोलीत अभ्यासिका करा. दिवा, दोन टेबलं, सौर चार्जर, संध्याकाळचे तीन तास. पैसा कुठून? पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध निधी येतो. त्याचा वापर ग्रामसभेनं ठरवायचा असतो आणि त्यात शिक्षणावर खर्च करता येतो. ठराव करा. रेंज आणि विजेसाठी सांगतात की जंगलखात्याची जमीन आहे, तार नेता येत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) वाचा. शाळा, वीज आणि दूरसंचाराच्या तारा, अपारंपरिक ऊर्जा, अशा १३ सोयींसाठी एक हेक्टरच्या आतली वनजमीन देता येते. अट आहे की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं जाऊ नयेत आणि ग्रामसभेनं शिफारस केलेली असावी. म्हणजे पहिलं पाऊल आपल्याच हातात आहे. जो कायदा आपण जमिनीच्या दाव्यासाठी पाठ केला, त्याच कायद्यात पोरांच्या दिव्याची तरतूद आहे. ती अजून आपण वापरलेली नाही.

पोरांनो, शेवटी तुम्हाला. दीड वर्षात ज्याचं शिक्षण सुटलं त्यानं स्वतःला ढ म्हणायचं नाही. आणि जो टिकला त्यानं आपण एकट्याच्या जोरावर टिकलो असंही म्हणायचं नाही. तुम्हाला कुणीतरी वही दिली होती, कुणीतरी तुमच्या वाटची बैलं सोडली होती. आता तुमची पाळी. प्रत्येकानं सुटलेला एक जण हाताला धरून परत आणायचा. पुढच्या बैठकीत भाषण नको, यादी वाचू. किती नावं होती आणि किती परत आली, एवढंच बोलू.

जिंदाबाद!